पुन्हा नमुना घ्यावा

रक्त आधी पाण्यात दिसलं, मग अंगठ्यावर. वॉटर बाथच्या कोमट पाण्यावर मेणाची पातळ रिबन पसरली होती आणि तिच्या कडेला एक लाल थेंब उतरून धुरासारखा विरत गेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. कुणाचा असेल, असा विचार केला. आमच्या लॅबमध्ये येणारं मांस फॉर्मालिनमध्ये मुरून, अल्कोहोलमध्ये सुकून, मेणात गोठून मग माझ्या मशीनवर चढतं, त्यातून रक्त येत नाही. बावीस वर्षांत या टेबलावर मी ओलं रक्त पाहिलेलं नव्हतं. मग डाव्या अंगठ्याच्या पेरावर उघडलेली फट दिसली, आणि दुखणं त्याच्याही मागून आलं, पत्ता विचारत विचारत आल्यासारखं. मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढायच्या मशीनचं, चाक अडकवून न ठेवता मी मेणाचा ब्लॉक काढायला पात्याजवळ हात घातला होता. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. आधी चाक अडकवा, मग हात घाला.

“हात वर धरा, दादा! वर, डोक्याच्या वर!” रिसेप्शनवरचा कुंदन कापूस घेऊन धावत आला. “बावीस वर्षांत पहिली विकेट. पेढे पाहिजेत आता.” त्यानं अंगठा घट्ट बांधला, बांधताना त्याची जीभ ओठांतून थोडी बाहेर आली होती. “टाके घालून घ्या ना. समोरच हॉस्पिटल आहे.”

“नको. भरेल.”

“कुणाचं कापत होता एवढं मन लावून?”

मी ब्लॉकचा नंबर सांगितला. ब्लॉकवर नाव नसतं, नंबरच असतो, त्यामुळं तेवढ्यापुरतं खोटं बोलावं लागलं नाही.

नमुना: यकृत, सुईनं घेतलेला. तुकडे तीन, रंग करडा-पांढरा. रुग्ण स्त्री, वय त्रेपन्न, राहणार अंबड. रुग्णाचं तंत्रज्ञाशी नातं: असा रकाना फॉर्मवर नाही.

बाथमधलं पाणी ओतून दिलं, भांडं तीनदा धुतलं, आणि पुन्हा कापायला बसलो. अंगठा ठणकत होता. चाक फिरवताना पुन्हा तोच आवाज आला. खर्र. ज्यानं हा आवाज ऐकलेला नाही त्याला तो काहीच वाटणार नाही. चांगलं यकृत लोण्यासारखं कापलं जातं, चाकाला कळतसुद्धा नाही. ज्या मांसात दोरे भरलेले असतात ते पात्याला अडवतं, जुनं गोणपाट फाटावं तसं बारीक करकरतं, आणि ती करकर पात्यातून चाकात, चाकातून मनगटात येते. डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. मार्चमध्येही कळलं होतं. मार्चमध्ये याच खुर्चीवर बसून हिच्याच, अक्काच्याच, छातीतल्या गाठीचे चार तुकडे कापताना हाच आवाज माझ्या मनगटात आला होता आणि मी

नाही. क्रमानं सांगतो.

अक्का म्हणजे यशोदा, माझी थोरली बहीण. अंबडच्या एका कारखान्यात ती मोटारींची कॉइल गुंडाळते. गुंडाळायची. तांब्याची तार, केसाएवढी, मशीनवर दिवसभर. त्या मशीनचा दांडा एकदा सुटून तिच्या छातीवर बसला होता, गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या आसपास, आणि काळानिळा डाग पडून गेला होता. नंतर तिथं गाठ लागली. सोनोग्राफीवाल्यांनी तोंड वाकडं केलं, सर्जननं सुई घातली, आणि मी म्हणालो, तुकडे आमच्याच लॅबमध्ये आण, मी स्वतः कापतो. मी स्वतः कापले. रंगवले. स्लाइड मॅडमकडे नेण्याआधी मायक्रोस्कोपखाली सरकवली, कारण रंग नीट चढला का ते तंत्रज्ञानं बघायचंच असतं. बघायला हरकत नसते. वाचायचं नसतं. पण बावीस वर्षं रोज बघणारा माणूस न वाचता कसा राहील, आणि खरं सांगायचं तर लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की नवनाथदादा स्लाइडवर नजर टाकून जे म्हणतो ते दहात नऊ वेळा रिपोर्टमध्ये येतं. मला ते आवडायचं. मी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी दोरे, आणि दोऱ्यांच्या मधे लांबट, निळसर, दोन्हीकडे निमुळत्या पेशी, गोदावरीत एका दिशेला तोंड करून थांबलेल्या माशांसारख्या. फायब्रोब्लास्ट. लॅबमध्ये आम्ही त्यांना दोरेवाले म्हणतो. शिकताना पुस्तकात त्यांच्यावर पानभर मजकूर होता, संयोजी ऊतीतल्या पेशी, शरीराला बांधून धरतात, जखम झाली की धावत येतात, दोरे विणतात, भरतात. वाईट शब्द एकही नव्हता. गाठीची म्हणून जी पेशी असते, फुगलेली, काळपट, वेडीवाकडी, ती मी चारही तुकड्यांत शोधली. एकही नव्हती.

सव्वाचार वाजले होते. ती पहिली पाळी संपवून सिटीलिंक बसच्या थांब्यावर उभी होती, मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते.

“अक्का, काही नाहीये. नुसतं भरून आलंय.”

“म्हंजे कसं?”

“तिथं मार लागला होता ना? शरीरानं आतून दोरे विणलेत. हाताला कडक लागतं ते तेच. भरलंय, अक्का.”

“भरलं?” मग फोन तोंडापासून लांब गेला आणि तिचा आवाज थांब्यावरच्या सगळ्या बायांसाठी मोठा झाला, “माझा भाऊ म्हनतो भरलंय! उगं माझा जीव टांगला त्या सोनोग्राफीवाल्यानं!” बाया हसल्या. मीपण इकडे, फॉर्मालिनच्या वासात, एकटा हसलो.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. इंग्रजीत तीन ओळी. तंतुमय ऊती आहे. कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. सोनोग्राफीतल्या गाठीशी हा नमुना जुळत नाही, पुन्हा नमुना घ्यावा. आमच्याकडे असा शेवट असलेला रिपोर्ट निघाला की कुंदन पेशंटला फोन करतो, दोनदा करतो, वहीत खूण करतो. पण घरचं पेशंट असलं की रिपोर्ट काउंटरवर जात नाही, ज्याचं त्याच्या हातात देतात, आपुलकीनं. मॅडमनी माझ्या हातात दिला. मी वाचला. आणि इथं मला स्वतःला धरून विचारावंसं वाटतं की बाबा, वाचलास म्हणजे काय केलंस. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, इतर तपासण्यांशी ताडून पाहावं, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असली. आम्ही तिला तळटीप म्हणतो आणि तिच्यावर जोक करतो. कुंदन तर चहा कडू झाला की म्हणतो, साखरेशी ताडून पाहावा. मी ती तिसरी ओळ त्या ओळींच्या रांगेत उभी केली. अक्कानं विचारलं, सर्जनकडं परत जाऊ का रे? मी म्हणालो, कागद फाइलला लाव. डॉक्टर लोक स्वतःची बाजू राखून लिहितात.

आणि माझ्या मनगटाला कळलेलं होतं. साध्या जखमेच्या वणात पातं इतकं करकरत नाही.

मार्च ते डिसेंबर. गाठ कडक होत गेली. अक्का खूश होत गेली. हे मला नीट लिहिता येत नाहीये, परत लिहितो. जूनमध्ये ती सृष्टीच्या, तिच्या मुलीच्या, निकालाचे पेढे घेऊन आली आणि दारातच म्हणाली, नाथा, लय कडक झालं रे आता, दगडावानी, तू म्हनला तसं. मी म्हणालो, हां. गणपतीच्या सुट्टीत म्हणाली, कातडी आत ओढल्यावानी वाटती. मी म्हणालो, व्रण आवळतो, शिवण आवळते तशी. मी तिला प्रत्येक वेळी समजावून सांगितलं, आणि समजावून सांगताना मला बरं वाटायचं, कारण आमच्या घरात मला कुणी तरी समजावून सांगणारा म्हणून ओळखावं यासाठीच तर तिनं, सिन्नरला, वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळल्या होत्या. आई गेल्यावर. सूप मांडीवर घेऊन ती बसायची, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे आणि नखानं टोक आत. मी पुस्तक घेऊन समोर. एकदा पत्र्याच्या कडेनं माझी नडगी फाडली, हाड दिसलं असं ती अजून सांगते, तेव्हा तिनं सुपातली तंबाखू मूठभर घेऊन जखमेत दाबली, वरून स्वतःची ओढणी बांधली, आणि मी बोंबलत होतो तर म्हणाली, ओरड, ओरड, पण हात नको लावू, भरंल. भरलं. नडगीवर अजून तपकिरी रेघ आहे, केस न उगवणारी. त्या रेघेत तिची तंबाखू आहे असं मला लहानपणी वाटायचं. आजही वाटतं. डिसेंबरमध्ये तिची पाठ दुखायला लागली, मग भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, आणि स्कॅनमध्ये यकृतावर डाग आले, आणि त्या डागातले तीन तुकडे एका डबीत, लेबल लावून, जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या टेबलावर.

सूक्ष्म तपासणी:

“बस, नवनाथ,” मॅडम म्हणाल्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम, साठीच्या पुढच्या, चष्मा कायम कपाळावर. त्यांच्याकडे दोन माणसांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप आहे. “कोणाचं आहे मला माहीत आहे. मार्चच्या स्लाइडही काढल्यात मी.” मग डोळा भिंगावरून न काढता त्यांनी विचारलं, “तेव्हा पुन्हा सुई घालायला सांगितली होती आपण. घातली नाही का?”

“नाही.”

“का?”

“त्या गेल्या नाहीत,” मी म्हणालो.

त्या गेल्या नाहीत. तीन शब्द. सख्ख्या बहिणीला मी ‘त्या’ म्हणालो. मॅडमनी सुस्कारा सोडला. “असंच करतात लोक,” त्या म्हणाल्या. “ये, बघ.”

मी माझ्या बाजूच्या भिंगाला डोळे लावले. हिरवा बाण फिरत होता, तो मॅडमच्या हातात. मधोमध गाठीच्या पेशी होत्या, वेडीवाकडी काळपट टोळकी, चार-पाच, थोड्याच. आणि भोवती, सगळीकडे, थरांवर थर, दोरेवाले.

“गाठ म्हणजे नुसत्या गाठीच्या पेशी असं तुम्हाला वाटतं. गाठीत निम्म्याहून जास्त हेच असतात काही वेळा,” मॅडम म्हणाल्या. “जखम झाली की हे येतात, दोरे घालतात, काम झालं की बरेचसे मरून जातात. गाठ त्यांना सारखी निरोप धाडते की जखम आहे, जखम आहे. ते बिचारे भरत राहतात. थांबतच नाहीत. त्यांनी विणलेल्यातून गाठ रस्ते काढते, त्यांच्याकडून खायला घेते. औषध सोडलं तर या जाळ्यातून आत पोचता पोचत नाही.”

“म्हणजे हे फितूर झालेले?”

“फितूर कसले. त्यांना वाटतं आपण बरं करतोय.” बाण एका लांबट पेशीवर थांबला. “मार्चमध्ये सुई कडेला लागली. भिंत आली हातात, घर आलंच नाही.”

“यांनाच मारून टाकलं तर, मॅडम? दोरेवाल्यांनाच?”

“करून बघितलंय लोकांनी, उंदरांवर. काही ठिकाणी भिंत काढल्यावर गाठ जास्तच मोकाट सुटली.” त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे, माझ्या अंगठ्याकडे बघितलं. “टाके घालायला हवे होते याला.”

निष्कर्ष त्यांनी टाइप केला. खाली त्यांची सही आली. रिपोर्टवर तंत्रज्ञाचं नाव नसतं. बावीस वर्षं मला ते खुपत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंगठा लाल आणि गरम होता, पाचव्या दिवशी कडा जवळ आल्या. सकाळी लॅबच्या हजेरीच्या मशीनवर मी सवयीनं डावा अंगठा लावायचो आणि मशीन बाईच्या आवाजात सांगायचं, पुन्हा प्रयत्न करा. कुंदन म्हणायचा, दादा, दुसरं बोट लावा की, तिला तुमचा राग आलाय. मी बेसिनपाशी पट्टी सोडून बघायचो. आत ते आले होते. मी बोलावलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, मी झोपलो तरी, जेवलो तरी, मॅडमसमोर बसून आपल्या बहिणीवर ढकललं तरी, ते माझ्या अंगठ्यात येऊन निमूट काम करत होते, त्याच लांबट आकाराचे, तेच. मला वाटायचं पट्टी काढून ती फट दोन्ही बाजूंनी ओढावी. एकदा ओढली. थोडं रक्त आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खपली. त्यांना काही फरक पडला नाही. त्या दिवसांत कॉलेज रोडवरून, त्र्यंबक नाक्यावरून, कुठूनही जाताना मला माणसं एका दिशेला तोंड करून उभी असलेली दिसायची, थांब्यावर, सिग्नलला, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर, हातात डबे, पिशव्या, फाइली, थर्मास. सगळी कुणाला ना कुणाला बरं करायला निघालेली. आणि रोज संध्याकाळी ठरवायचो की आज सांगायचं. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं, दोन वाक्यं होती. अक्का, त्या कागदावर पुन्हा सुई घालायला सांगितलं होतं. मी तुला जाऊ दिलं नाही. एवढंच. तिसऱ्या वाक्यात माफी मागावी की नाही याच्यावर मी बसमध्ये घोळत राहायचो, म्हणजे माफी मागितली तर ती लगेच देऊन टाकणार, तिला येतच नाही दुसरं काही, आणि मग ती भरायला बसणार, या अंगानं, या यकृतानं, मला भरायला बसणार.

गेलो की दार दाजी उघडायचे. धनराज दाजी कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतात, अक्का आजारी पडल्यापासून रजेवर आहेत. “जय भीम, नवनाथराव. या. आज अर्धी भाकर खाल्ली तिनं.” ती अर्धी भाकर ते रोज सांगायचे, मग ती चतकोर झाली तरी अर्धीच सांगायचे. शेजारच्या नवसाबाई पपईच्या पानांचा रस आणून ठेवायच्या. ‘सुधारणा आहे’ असं सगळे दाराशी बोलायचे, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पहिल्या केमोनंतरच डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, यकृताला झेपत नाहीये, पुढची देता येणार नाही, आता दुखू नये एवढंच बघू. दाजी मला जिन्यात घेऊन म्हणाले, “हे तिला नाय सांगायचं. तिला सांगितलंय की डोस लांबवलाय. तुम्ही त्यातले, तुम्ही म्हनला तर तिला पटंल.” मी मान हलवली. आत जाऊन अक्काला सांगितलं, डोस लांबवलाय. पटलं तिला. निदान तसं तिनं दाखवलं.

अंगठा कापल्यापासून सतरावा दिवस, रविवार, दुपारचे साडेतीन. सृष्टी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. समोर त्रिरश्मीचा डोंगर, ऊन पडलेला, लेण्यांच्या काळ्या चौकोनांसकट. अक्का बरी होती तेव्हा दर पौर्णिमेला पायऱ्या चढायची, बिसलरीची बाटली नाही, घरचा तांब्या घेऊन. सृष्टी एकवीस वर्षांची आहे, कॉम्प्युटर शिकते, बोलताना समोर बघत नाही.

“मामा, एक बोलू? रागवायचं नाही.”

“बोल.”

“मार्चचा रिपोर्ट मी वाचला होता. इंग्रजी होता ना, आईनं मला वाचायला दिला. त्याच आठवड्यात.” तिनं चादर झटकली. “मी आईला म्हटलं, पुन्हा करा असं लिहिलंय. आई म्हणाली, मामानं डोळ्यांनी बघितलंय आत काय आहे ते, कागद काय शहाणा लागून गेला. मी परत म्हटलं. तर चिडली. मग मी पण सोडून दिलं, माझी परीक्षा होती.”

मी दोरी धरली. ओली होती.

“आणि डिसेंबरमध्ये दवाखान्यातून येताना रिक्षात तिनं माझा हात धरला. म्हणाली, त्या कागदाचं नाथाजवळ कधी काढायचं नाही. शपथ घातली. म्हणाली, त्याच्या मनाला लागंल, त्याला वाटंल आपल्यामुळं झालं.” तिनं चादरीला चिमटा लावला. “मामा, पण मी वाचलं होतं ना. मला येत होतं वाचायला. मी अजून भांडायला पाहिजे होतं.”

डिसेंबरपासून. म्हणजे ज्या सगळ्या संध्याकाळी मी माझी दोन वाक्यं खिशात घेऊन त्या खोलीत बसलो होतो त्या सगळ्या संध्याकाळी तिला ती ठाऊक होती. ती चहा विचारत होती. दाजी भाकर वाढवत होते, मी डोस लांबवत होतो, सृष्टी शपथ पाळत होती, आणि ती त्या सगळ्यांच्या मधे पडून, आपल्या बाजूनं, मला गुंडाळत होती. दोन वेढे आणि नखानं टोक आत.

“तुझं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. याच्यापुढचं वाक्य अगदी जवळ होतं. माझं चुकलं. पोरगी वाट बघत होती, तिच्या पाठीवरून मला ते दिसत होतं. खाली कुठल्या तरी कंपनीचा भोंगा झाला, पाळी सुटली. वाक्य आलं नाही. सृष्टीनं बादली उचलली. “आई उठली असेल,” ती म्हणाली.

अक्का उठली होती. खिडकीकडे तोंड करून बसवली होती, पाठीला दोन उशा, डोक्याला निळा रुमाल, कातडी हळदीसारखी. मी पलंगाच्या कडेला बसलो. दाजी बाहेर गेले, किंवा मी त्यांना जा म्हणालो, आठवत नाही.

“अक्का, मला सांगायचंय तुला.”

“सांग की. पन आधी हात दाव. पट्टी काढली व्हय?” तिनं माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. तिची बोटं हलकी झाली होती, आणि टोकांवर तारेनं पडलेले कडक घट्टे तेवढे तसेच होते. “बावीस वर्सं दुसऱ्याचं कापतो, येकदा सवताचं कापलं त दोन आठवडे तोंड पाडून हिंडतो. मोठा आला डॉक्टर.”

“अक्का, मार्चमध्ये तो कागद...”

तिनं माझ्या अंगठ्याच्या पेरावर, जिथं फट मिटून गुलाबी रेघ आली होती तिथं, आपला अंगठा ठेवला आणि दाबला. जेवढा जोर उरला होता तेवढा सगळा. दुखलं. ती खिडकीबाहेर बघत होती, तिच्या चेहऱ्यावर राग आहे की माया, ते मी शोधलं, चारही तुकड्यांत शोधावं तसं शोधलं, आणि पिवळ्या कातडीखाली मला काहीही वाचता आलं नाही.

“कडक लागतंय रे,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हंजे भरलं.”

खोलीत स्पिरिटचा आणि उकडलेल्या पपईच्या पानांचा वास होता. सृष्टी दाराशी येऊन उभी राहिलेली मला पाठीमागून कळली. अक्काचा अंगठा तिथंच होता, आणि तो ती काढत नव्हती, आणि ती थांबली होती.

“भरलं, अक्का,” मी म्हणालो. आवाज तोच होता, सव्वाचारच्या फोनवरचा.